साखळी कुणाच्या गळ्यात

"ती साखळी काढून ठेव, अँब्रोज. ग्रेव्हीत बुडेल."

हेस्टरआत्या सकाळपासून हेच घोकत होती, आणि अँब्रोज पेटिफर दर वेळी सोयीस्कर बहिरा होत होता. पंच्याहत्तरीचा म्हातारा. या घडीला थेलशायर काउंटी कौन्सिलचा अध्यक्ष, आणि आज मध्यरात्रीनंतर कशाचाच नाही. आजच्या दिवशी साखळी काढा म्हणून सांगणं म्हणजे नवऱ्या मुलाला मुंडावळ्या उतरवायला सांगण्यासारखं होतं.

साखळी म्हणजे अध्यक्षपदाची, चांदीची, खांद्यापासून थेट पोटावर येणारी. तिच्या एकेका कडीवर एकेका गावाचं नाव. सकाळी तो ती घालून चर्चला गेला होता. प्रार्थनेला गुडघे टेकले तेव्हा ती बाकावर अशी खणाणली की पाद्रीबुवा भलतंच स्तोत्र म्हणायला लागले. घरी आल्यावर त्यानं कोट उतरवला, टाय उतरवला, सपाता घातल्या, पण साखळी तशीच. जुन्या करड्या स्वेटरवर साखळी मिरवत तो बैठकीत शेरी पीत बसला होता.

तर झालं होतं असं. लंडनच्या शहाण्यांनी नकाशावर पट्टी ठेवून रेघा ओढल्या आणि उद्यापासून, म्हणजे पहिली एप्रिल एकोणीसशे चौऱ्याहत्तरपासून, आमचं थेलशायर शेजारच्या मार्डनशायरमध्ये 'विलीन' व्हायचं होतं. विलीन हा लंडनचा शब्द. आम्ही त्याला गिळलं म्हणतो. गुन्हा काय, तर आमची काउंटी लहान. आहेच लहान! एका टोकाला कुणी शिंकलं तर दुसऱ्या टोकाचा माणूस 'देव भलं करो' म्हणायचा, इतकी लहान. पण म्हणून काय मार्डनकरांच्या पदरात टाकायची? ज्यांना धड कुंपण घालता येत नाही, त्यांच्या? आणि पहिली एप्रिल हा मुहूर्त कुणी काढला देव जाणे. निदान त्या दिवशी तरी लाज वाटायला हवी होती.

एवढ्यावरही भागलं असतं. पण नव्या कौन्सिलची निवडणूक गेल्याच वर्षी होऊन गेली होती. तिला अँब्रोजचा एकुलता एक मुलगा लायनेल उभा राहिला, निवडून आला, आणि नव्या मार्डनशायर कौन्सिलचा उपाध्यक्ष झाला. त्या दिवसापासून बापानं मुलाशी एक शब्द बोललेला नव्हता. लायनेल दर रविवारी बायकोला घेऊन जेवायला येत होता, समोरासमोर बसत होता, पण जे काही असेल ते तिसऱ्याच्या तोंडून.

आज दुपारी चार वाजता काउंटी हॉलमध्ये निरोपाचा चहा होता. तिथं चारचौघांसमोर जुन्या अध्यक्षानं साखळी काढून नव्या कौन्सिलच्या प्रतिनिधीच्या हाती द्यायची होती. आणि प्रतिनिधी म्हणून मार्डनकरांनी, चांगुलपणानं म्हणा की खोडसाळपणानं म्हणा, लायनेलचं नाव दिलं होतं.

"मी देणार नाही," अँब्रोजनं सकाळी चर्चच्या पायऱ्यांवर जाहीर केलं होतं. पाद्रीबुवांच्या देखत.

*

स्वयंपाकघरात तीन बायकांची खलबतं चालली होती.

"हे बघा, मी स्पष्टच सांगते," पॉलीन ओव्हनमध्ये डोकावत म्हणाली. ही लायनेलची बायको, माहेरची मार्डनकर. लग्नाला पंचवीस वर्षं झाली तरी या घरात तिची ओळख 'पलीकडची' अशीच होती. "लायनेलनं काल रात्री मला सांगितलंय. आज बाबांनी लोकांसमोर त्याचा अपमान केला, तर या घरी पुन्हा पाऊल ठेवणार नाही. रविवार बंद. नाताळ बंद. सगळं बंद."

"असं म्हणाला?" म्यूरिएलच्या हातातलं बटाट्याचं भांडं थांबलं.

"असंच. आणि तो भडकून म्हणाला असता तर मी मनावर घेतलं नसतं. शांतपणे म्हणाला. बूट पुसता पुसता."

म्यूरिएलनं भांडं ओट्यावर ठेवलं. ती अँब्रोजची मुलगी, लायनेलहून धाकटी, बिनलग्नाची. काउंटीच्या फिरत्या ग्रंथालयाची गाडी खेडोपाडी चालवायची आणि संध्याकाळी बापाला सांभाळायची. आई गेल्यापासून या दोन माणसांना एका टेबलाशी बांधून ठेवणारी दोरी तीच होती, आणि दोरीचे हात आता भरून आले होते. भाऊ यायचा थांबला तर या घरात उरणार कोण? ती, बाबा, आत्या आणि बाबांचे नियम.

"मग ठरलं," हेस्टरआत्या म्हणाली. ऐंशी वर्षांची, अँब्रोजची थोरली बहीण, काठीसारखी सरळ. "जेवताना आपण तिघींनी एकमुखानं सांगायचं. साखळी दे म्हणजे दे. फुटायचं नाही कुणी."

"मी नाही फुटत," पॉलीन म्हणाली.

"मी पण नाही," म्यूरिएल म्हणाली आणि लगेच दुसरीकडे बघायला लागली.

*

आता पेटिफरांच्या टेबलाची रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं सगळं वेड्यांचा बाजार वाटेल. अँब्रोजचे वडील जोसाया हे थेलशायर कौन्सिलच्या पहिल्या सभेपासूनचे सभासद. अठराशे एकोणनव्वद साली कौन्सिल जन्माला आलं आणि जोसायांना सभेच्या नियमांचं जे वेड लागलं ते घरापर्यंत आलं. रविवारच्या जेवणाला जो टेबलाच्या डोक्याशी बसेल तो अध्यक्ष. मांस तोच कापणार. बाकीच्यांनी काही मागणं असेल तर ठराव मांडायचा, दुसऱ्यानं अनुमोदन द्यायचं, मग चर्चा, मग हात वर. कुत्रा पाळायचा की नाही, पडदे कुठल्या रंगाचे, एडिथशी अँब्रोजनं लग्न करावं की नाही, सगळं याच टेबलावर मताला टाकलेलं. लग्नाचा ठराव एका मतानं पास झाला होता. विरोधात मत देणारी हेस्टरआत्या एडिथला पुढे आयुष्यभर जीव लावत राहिली, ती गोष्ट वेगळी.

बीफ टेबलावर आलं. मांसाबरोबर खायचं खारं यॉर्कशर पुडिंग फुगून तांबूस झालं होतं. कोबी, बटाटे, तिखटजाळ मुळ्याची चटणी. अँब्रोजनं सुरी उचलली, चटणी भावाच्या पुढ्यात सरकवत असलेल्या म्यूरिएलला म्हणाला, "म्यूरिएल, मार्डनकरांना विचार, चटणी झेपेल का? त्यांच्याकडं पुडिंगवर साखर घालतात म्हणे."

"बाबांना सांग, झेपेल," लायनेल म्हणाला.

लायनेल एकोणपन्नासचा. चेहरा बापाचा, आवाज आईचा. त्यानं येताना गाडीत ठरवलं होतं की आज एकही वाकडा शब्द बोलायचा नाही. बाबांना काय बोलायचं ते बोलू दे. चार वाजता हॉलमध्ये जे होईल ते होईल, आणि मग सुटलो. पण इथं येऊन, त्या मळक्या स्वेटरवरची ती साखळी बघितल्यावर, सुटलो हा शब्द काही गळ्याखाली उतरेना.

हेस्टरआत्यानं घसा खाकरला. "अँब्रोज, आम्हा तिघींना एक सांगायचंय."

"ठराव आहे का?"

"ठराव नाही, अक्कल आहे."

"मग ठरावाच्या रूपात मांड," अँब्रोज सुरी खाली ठेवत म्हणाला. "नुसत्या अकलेला या सभेत जागा नाही."

आणि तेवढ्यात म्यूरिएल उभी राहिली.

ती का उभी राहिली हे तिला स्वतःलाही नंतर नीट सांगता आलं नाही. बापाचा हात तिनं बघितला होता. सुरी ठेवून तो हात साखळीवर गेला होता आणि एक कडी धरून बसला होता, मूल आईचा पदर धरून बसतं तसा. तिची गाडी उद्या नव्या रंगानं रंगणार होती, दारावरचं थेलशायरचं नाव खरवडणार होते, आणि तिच्यासाठी कुणी निरोपाचा चहा ठेवला नव्हता.

"मी ठराव मांडते," ती म्हणाली. "अध्यक्षांची साखळी मार्डनच्या कौन्सिलला न देता याच घरात राहावी."

"म्यूरिएल!" हेस्टरआत्याच्या हातातला काटा खाली पडला. "अगं, फितूर!"

"आत्या, मला माफ कर. पण त्यांच्याकडं बघ ना."

"बघतेय. पंचाहत्तर वर्षं बघतेय. म्हणून तर म्हणते!"

अँब्रोजचा चेहरा असा खुलला की गालाच्या सुरकुत्या जागा सोडून हलल्या. "ठराव आलेला आहे. अनुमोदन?"

सगळे आपापल्या ताटात बघायला लागले. अनुमोदन नाही मिळालं तर ठराव बारगळणार आणि म्हातारा संध्याकाळपर्यंत धुमसत राहणार. पुडिंग बसायला लागलं होतं. पॉलीननं सकाळपासून नव्या हॅटच्या नादात चहाशिवाय काही पोटात घातलं नव्हतं.

"माझं अनुमोदन," पॉलीन म्हणाली.

"पॉलीन!" या वेळी लायनेल.

"अनुमोदन दिलं म्हणजे मत दिलं असं नव्हे. पंचवीस वर्षं ऐकून एवढं मलाही कळतं. मताला टाका, पाडा, आणि देवाच्या नावानं ते मांस कापा!"

अँब्रोजनं सुनेकडे पहिल्यांदाच जरा आदरानं बघितलं. मग तो पाणी प्याला, ताठ झाला, आणि बोलायला तोंड उघडलं.

"हरकतीचा मुद्दा," हेस्टरआत्या म्हणाली.

"काय आता?"

"तू बोलू शकत नाहीस. साखळी तुझ्या गळ्यात आहे. ज्या विषयात अध्यक्षाचा स्वतःचा जीव अडकलाय, त्यावर त्याला खुर्चीतून बोलता येत नाही. आपल्या बापाचा नियम. बोलायचं असेल तर खुर्ची सोड."

अँब्रोजचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. कारण नियम बरोबर होता. आणि खुर्ची सोडली तर तिच्यावर बसणार कोण, हेही नियमात होतं. अध्यक्षाचं थोरलं अपत्य.

अँब्रोज मनातल्या मनात त्या नियमात फट शोधत होता. सापडेना. ती बुजवायला त्यानंच कौन्सिलमध्ये चाळीस वर्षं घालवली होती. न बोलावं, तर ठराव पडणार. बोलावं, तर त्या खुर्चीत लायनेल बसणार. शेवटी तो उठला, टेबलाला वळसा घालून लायनेलच्या जागी आला आणि भिंतीकडं बघत म्हणाला, "म्यूरिएल, त्यांना सांग, खुर्ची रिकामी आहे."

लायनेल जाऊन बसला. या खुर्चीत तो आयुष्यात कधी बसला नव्हता. लहानपणी एकदा चोरून चढला होता तेव्हा आईनं कान धरून उतरवलं होतं. समोर सुरी, बीफ, आणि टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उभा असलेला बाप.

"सभासदांनी बोलावं," तो म्हणाला.

नियम असा, की सभेत बोलायचं ते फक्त अध्यक्षाला उद्देशून. दुसऱ्या कुणाला नाही. अध्यक्षाकडे बघून. अँब्रोजनं साखळी सारखी केली.

"अध्यक्ष महाराज," तो म्हणाला.

म्यूरिएलनं नॅपकिन तोंडात कोंबला. एका वर्षानंतर बाप मुलाच्या डोळ्यांत बघून बोलत होता.

"अध्यक्ष महाराज, हे कौन्सिल काही मोठं नव्हतं. आम्ही साम्राज्य चालवलं नाही. आम्ही गटारं बांधली. ऑकलीचा पूल बांधला. त्याला अकरा वर्षं लागली, कारण खर्च कुणी करायचा यावर आम्ही दहा वर्षं भांडत होतो. पण पूल उभा आहे! शाळांत नर्स आणली. पोरांच्या डोक्यातल्या उवा काढल्या, तेव्हा आयांनी आमच्यावर दगड मारले. सत्तेचाळीसच्या बर्फात मी आणि कौन्सिलचा इंजिनिअर फावडी घेऊन पुढे चाललो आणि मागून सुईणबाई. ते पोर मोठं होऊन आता कर भरायला कुरकुर करतं. बर्फ वितळायला रस्त्यावर मीठ टाकलं की लोक म्हणाले उशिरा टाकलं, नाही टाकलं की म्हणाले मीठ खाल्लं. कुणी कौतुक केलं? कुणीही नाही. कौतुक मागितलंही नाही. पण मेल्यावर निदान मढ्याच्या अंगावरचे दागिने शेजाऱ्यानं घालून मिरवू नयेत, एवढी अपेक्षा आहे."

"ऐका, ऐका," म्यूरिएल पुटपुटली.

"आणि दुसरं." अँब्रोजचा आवाज खाली आला. "काउंटी गेली तर गेली, अध्यक्ष महाराज. माझं वय झालंय, तिचंही झालं असेल. तेही मी गिळलं असतं. पण या घरातल्या एका सभासदानं पलीकडच्या कौन्सिलला उभं राहायचं ठरवलं, आणि मला ते पेपरात वाचावं लागलं. नाश्त्याला. अंडं समोर होतं. मला ते अंडं अजून दिसतं."

लायनेलनं तोंड उघडलं आणि मिटलं. जीव अडकलेल्या अध्यक्षाला ठरावावर बोलता येत नाही. सांगायचं खूप होतं. की कुणीतरी आपला माणूस तिथं बसला नाही, तर ऑकलीच्या पुलाला मार्डनकर ढुंकून विचारणार नाहीत. की म्हणूनच उभा राहिलो. की बाबा, तुमच्याशिवाय कुणाचं बघून शिकलो मी हे सगळं.

"तो आला होता सांगायला!" पॉलीन फुटली. "तीनदा आला होता! तिन्ही वेळा तुम्हीच बोलत होता! एकदा गटारांवर, एकदा लंडनवर आणि एकदा, देवा, कोबीच्या गोगलगाईंवर! परत येऊन गाडीत बसून राहायचा नुसता."

"सभासदांनी रांगेनं बोलावं," लायनेल अगदी हळू म्हणाला.

अँब्रोज मटकन खाली बसला. "गोगलगाईंवर?" त्यानं म्यूरिएलला विचारलं. तिनं मान डोलावली. त्यालाही आठवलं असावं, कारण कान लाल झाले.

मग हेस्टरआत्या उठली. "अध्यक्ष महाराज, मी ठरावाच्या विरोधात. ही साखळी आपल्या बापानं विकत घेतलेली नाही. गावागावांतून चमचे गोळा केले होते. मी तेव्हा नव्हते, पण आईनं सांगितलंय. कुणी जेवणाचा चमचा दिला, कुणी मेलेल्या लेकराचा बाप्तिस्म्याचा दिला. ते वितळवून या कड्या झाल्या. ती गावं काही आज रात्री मरत नाहीयेत. उद्याही तिथंच आहेत. मग त्यांची चांदी अँब्रोजच्या मोज्यांच्या कप्प्यात का? आणि जाता जाता सांगते, मलाही उभं राहायचं होतं. तेव्हा याच टेबलावर ठराव झाला होता की गटारांच्या कमिटीत बाईमाणूस काय करणार. मी त्या ठरावाला अजून माफ केलेलं नाही. बसते."

"मतदान," लायनेल म्हणाला. "ठरावाच्या बाजूनं?"

अँब्रोज आणि म्यूरिएल. "विरोधात?" हेस्टरआत्या आणि पॉलीन.

दोन, दोन. सगळ्यांच्या माना टेबलाच्या डोक्याकडं वळल्या. निर्णायक मत अध्यक्षाचं.

आता लायनेलनं काय करावं? चार वाजता हॉलमध्ये मार्डनकर येऊन बसणार. रिकाम्या हातानं गेलो तर तोंडावर हसतील, आणि उपाध्यक्षपद दोन महिन्यांत जाईल. त्यानं पॉलीनकडं बघितलं, तिच्या नव्या हॅटकडं बघितलं. मग बापाकडं. आणि त्याला लहानपणापासून पाठ असलेला नियम आठवला: मतं समान झाली तर अध्यक्षानं आपल्या आवडीनं मत द्यायचं नाही, जे जसं आहे ते तसंच राहू द्यायचं.

"जे आहे ते तसंच," तो म्हणाला. "साखळी आता बाबांच्या गळ्यात आहे. ती तिथंच राहील. माझं मत ठरावाच्या बाजूनं. ठराव मंजूर."

पॉलीननं डोळे मिटले. हेस्टरआत्या "अरे गाढवा" म्हणायला निघाली होती, पण तिच्या आधी दुसरंच कुणीतरी ओरडलं.

"चूक!"

अँब्रोज उभा होता. चेहरा टोमॅटोसारखा.

"साफ चूक! अरे, कितीदा शिकवलं तुला? साखळी माझ्या गळ्यात असली म्हणून माझी होते का? ती कौन्सिलची! कौन्सिलच्या वस्तू नव्या कौन्सिलकडे जाणार, हे ठरलेलंच आहे. ती घरात ठेवायची, हा बदल! ठराव बदल मागतोय! आणि अध्यक्ष निर्णायक मत बदलाला कधीही देत नाही, लायनेल! कधीही! ठरावाच्या विरोधात मत द्यायचं असतं तू!"

"पण बाबा," लायनेल म्हणाला, "तसं दिलं तर साखळी तुम्हाला सोडावी लागेल."

"ते कळतं मला! मी काय मूर्ख आहे? पण म्हणून चुकीचं मत देशील? या खुर्चीतून? उद्या तिथं तिकडच्या खुर्चीत असं काही केलंस, तर लोक म्हणतील याला कुणी शिकवलं नाही!"

आणि मग आपण काय बोललो ते त्याच्याच कानांपर्यंत पोचलं. म्यूरिएल रडत होती आणि हसतही होती, आणि दोन्ही लपवायला तिच्याकडे एकच नॅपकिन होता.

लायनेलनं सुरीच्या मुठीनं टेबलावर ठोकलं. "अध्यक्षांची चूक झाली. मत ठरावाच्या विरोधात. ठराव नामंजूर."

"हां," अँब्रोज म्हणाला. "आता बरोबर."

त्यानं साखळीला हात घातला. मागचा फासा स्वेटरच्या लोकरीत अडकला होता. हेस्टरआत्यानं उठून तो सोडवला आणि सोडवता सोडवता त्याच्या मानेवरून एकदा हात फिरवला, जणू चुकून. साखळी कोबी आणि बटाट्यांच्या मधे येऊन पडली.

"चार वाजता देईन," तो थेट लायनेलकडं बघत म्हणाला. "गळ्यात घालणार नाही, सांगून ठेवतो. उपाध्यक्षाच्या गळ्यात घालायची रीत नाही. हातात देईन. दोन्ही हात पुढे कर, आणि मान खाली घालू नकोस, चोरासारखी. ऑकलीची कडी जरा ढिली आहे, तेवढी बघ."

"बघतो, बाबा."

"आणि तो पूल."

"तोही बघतो." लायनेल उठायला लागला. "या, तुमची जागा."

"बस तिथंच." अँब्रोजनं नॅपकिन गळ्यात खोचला. साखळी गेल्यावर स्वेटरवर भलतीच मोकळी जागा दिसत होती; ती त्यानं नॅपकिननं झाकून टाकली. "इथून बाग दिसते. त्या खुर्चीची पाठ खिडकीकडे, चाळीस वर्षांत मला जेवताना बाग दिसली नव्हती. काप आता. थंड झालंय सगळं."

लायनेल कापायला लागला. डोळ्यांसमोर नीट दिसत नव्हतं, आणि पहिलाच तुकडा विटेएवढा जाड निघाला.

"हे काय कापणं आहे?" म्हातारा ओरडला. "मार्डनमध्ये असंच कापतात का रे?" आणि मग त्याला थांबवता येईना. सुरीची धार, मार्डनकरांचे रस्ते, अंडं, एडिथचं आजारपण, गोगलगाई, वर्षभर तुंबलेलं सगळं तो लायनेलच्या अंगावर ओतत सुटला. लायनेल एकेका बोलण्याला "हो बाबा" म्हणत राहिला आणि तसलाच दुसरा जाड तुकडा कापून त्यानं तो बापाच्या ताटात घातला.